आकृती कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवावी?

प्रबंध किंवा प्रकल्प अहवालातील आकृती संगणकाच्या पडद्यावर स्वच्छ दिसते. मात्र छापून हाती येते तेव्हा रेषा फुटलेल्या आणि अक्षरे पुसट झालेली आढळतात. अशा वेळी दोष अनेकदा छपाईचा नसून आकृती साठवताना निवडलेल्या फॉरमॅटचा असतो.

चित्रांच्या फाइली मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. रास्टर प्रकारात चित्र पिक्सेल नावाच्या ठिपक्यांनी बनते. ते मोठे केल्यास ठिपके उघडे पडतात. व्हेक्टर प्रकारात रेषा, वक्र व अक्षरे यांचे भूमितीय वर्णन साठवले जाते. त्यामुळे आकार कितीही वाढवला तरी कडा रेखीव राहतात. आलेख, नकाशे आणि तांत्रिक रेखाचित्रे यांसाठी व्हेक्टर हाच पहिला पर्याय होय.

जेपेग : १९९२ मध्ये प्रमाणित झालेला हा फॉरमॅट छायाचित्रांसाठी योग्य आहे. फाइल लहान करण्यासाठी तो डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे वगळतो. आकृतीत मात्र काळ्या रेषांभोवती करडे डाग उमटतात आणि बारीक अक्षरांतील अनुस्वार, रफार वाचणे अवघड होते. वगळलेले बारकावे फाइलचा फॉरमॅट पुन्हा बदलूनही परत मिळत नाहीत.

पीएनजी : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९६ मध्ये शिफारस केलेला हा रास्टर फॉरमॅट बारकावे न गमावता फाइल लहान करतो. जुन्या जीआयएफप्रमाणे २५६ रंगांची मर्यादा त्याला नाही. पडद्याचे चित्र टिपण्यासाठी तो उत्तम.

एसव्हीजी : २००१ मध्ये प्रमाणित झालेला हा व्हेक्टर फॉरमॅट संकेतस्थळांसाठी सोयीचा आहे. मात्र वाचकाच्या संगणकावर योग्य फॉन्ट नसल्यास मराठी अक्षरांची मांडणी बिघडू शकते. त्यासाठी अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करावे.

छपाईसाठी फॉन्ट अंतर्भूत केलेली व्हेक्टर पीडीएफ द्यावी. रास्टरच द्यायचे झाल्यास छायाचित्राला इंचाला ३०० आणि रेखाचित्राला किमान ६०० पिक्सेल असावेत. म्हणजे १० सेंटिमीटर रुंदीच्या रेखाचित्राला सुमारे २,३६० पिक्सेल लागतात. लहान चित्र ताणून ही संख्या गाठली, तरी तपशील वाढत नाही.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढली, त्यातील मूळ फाइल मात्र नेहमी जपून ठेवावी. तिच्यातून पुढे हवा तो फॉरमॅट तयार करता येतो. जेपेगमधून मूळ आकृती परत मिळवता येत नाही.