दुष्काळापलीकडचे छायाचित्र

बीड जिल्ह्याचे छायाचित्र म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन आणि टँकरभोवतीची गर्दी उभी राहते. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावाकडे वृत्तपत्राचा कॅमेरा वळतो, तोही बहुधा टंचाईच्या दिवसांत. पेरणी, जत्रा, ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, मागे राहिलेली म्हातारी माणसे हे उरलेले वर्ष चित्राबाहेरच राहते. ते टिपण्याचे काम दस्तऐवजी छायाचित्रणाचे आहे.

वृत्तछायाचित्र एका घटनेचे असते. दस्तऐवजी छायाचित्रण एकाच समाजाचा, स्थळाचा किंवा निसर्गाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करते. अनेकदा हे काम नोकरी सांभाळून, स्वखर्चाने आणि कोणाच्याही मागणीविना होते. म्हणूनच त्याला छायाचित्रकाराचा 'व्यक्तिगत प्रकल्प' असेही म्हटले जाते.

पूर्वपीठिका

मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. मात्र त्या काळातील सरकारी दृष्टी माणसांकडे 'नमुने' म्हणून पाहणारी होती. 1868 ते 1875 या काळात प्रसिद्ध झालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांत जाती-जमातींची चित्रे आहेत. चित्रांतील बहुतेकांची ओळख जातीच्या नावानेच होते.

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील दुष्काळी कामे टिपली. मराठवाड्याच्या दुष्काळाचा हा आरंभीचा चित्ररूप पुरावा होय. तथापि त्या चित्रांचा हेतू संस्थानने केलेली मदत दाखविण्याचा होता. राबणारी माणसे त्यात समूह म्हणूनच दिसतात.

सुधारक ओलवे यांचे काम

समूहातून माणूस वेगळा करून दाखविणाऱ्या मराठी छायाचित्रकारांत सुधारक ओलवे यांचे नाव महत्त्वाचे आहे. मूळचे अकोल्याचे ओलवे 1988 पासून मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करू लागले. दैनंदिन काम सांभाळून त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल चित्रांत नोंदविले. कचऱ्याच्या गाड्या आणि तुंबलेली गटारे यांच्याबरोबरच कामगारांची घरे व कुटुंबेही या चित्रांत येतात. हे काम करणारे कामगार बहुसंख्येने दलित समाजातील आहेत, हे वास्तव ही मालिका लपवीत नाही. 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' या नावाने ती 2013 मध्ये ग्रंथरूपाने आली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा सुधारित कायदा 2013 मध्येच संमत झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला आणि 2023 मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. हे बदल प्रामुख्याने कामगारांच्या चळवळींनी घडवून आणले. छायाचित्रांनी त्याचे श्रेय घेऊ नये. परंतु 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय त्यांनी नागरिकांकडून काढून घेतली.

ग्रामीण भारताचा संग्रह

खेड्यांच्या बाबतीत असेच काम पी. साईनाथ यांनी केले. 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत काढलेल्या त्यांच्या छायाचित्रांतून ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांवरचे प्रदर्शन साकारले. 2014 मध्ये त्यांनी 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' हा संकेतस्थळरूपी संग्रह सुरू केला. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्याही या संग्रहात आहेत. गाणाऱ्या स्त्रियांची नावे त्यांसोबत नोंदविलेली आहेत. 'नमुन्या'पासून नावापर्यंतचा हा प्रवास दीड शतकाचा आहे.

चकलांब्याचे वर्ष

बीड जिल्ह्यातील गावांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पुढले काही महिने ती फडाजवळच्या कोपीत राहतात आणि गावातील घराला कुलूप लागते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला व राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. त्या वेळी कॅमेरे आले आणि बातमी सरल्यावर परतले.

निसर्गाचेही तसेच आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, जायकवाडीचा उजवा कालवा याच भागातून जातो आणि पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. भेगाळलेल्या जमिनीच्या चित्रात यांपैकी काहीच दिसत नाही.

दस्तऐवजी काम येथे तीन गोष्टींची अपेक्षा ठेवते. एकाच उंबऱ्याची नोंद कुलूप लागण्यापूर्वी आणि कुलूप उघडल्यानंतर व्हावी. चित्रातील माणसाची संमती आणि नाव त्यासोबत असावे. नाव उघड करणे जोखमीचे असेल तेथे ते राखून ठेवावे. शिवाय काढलेले चित्र त्या माणसाच्या हाती परत जावे. असे झाले, तर पुढच्या पिढीला आपल्या आजीचा चेहरा टँकरच्या गर्दीत शोधावा लागणार नाही.