उघड्या नसेवरचं झाकण

दाढेतली कीड कोरून काढताना खड्ड्याच्या तळाशी एकदम टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका उमटतो. नस उघडी पडली! आज अशा वेळी डॉक्टर जंतुनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर काही मिनिटं दाबून धरतात आणि रक्त थांबलं की वर राखाडी किंवा पांढरा लगदा अलगद बसवतात. नस आतून निरोगी असेल तर बऱ्याचदा रूट कॅनाल टळतो. हा लगदा बांधकामावरच्या सिमेंटच्या भावकीतला आहे. त्याच्या कुळाचा मूळपुरुष मात्र सोन्याचा.

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा दंतवैद्य फिलिप फाफ याने 1756 साली बर्लिनमध्ये दातांवर ग्रंथ छापला. त्यात उघड्या नसेवर सोन्याचा तुकडा बसवायची रीत आहे. तुकडा आतून किंचित खोलगट करायचा, नसेला टेकू द्यायचा नाही आणि वरून दात भरायचा. पुढे 1826 मध्ये लेनर्ड केकर याने तापवलेल्या तारेने नस डागून वर शिशाचा पत्रा ठेवायला सांगितलं. भूल द्यायची सोय तेव्हा नव्हती, हे लक्षात घेऊन हे वाक्य पुन्हा वाचावं. नंतरच्या काळात बूच, मेण, काचेची पूड असं हाताला लागेल ते लोकांनी वापरून पाहिलं. आर्सेनिकने नस मारून टाकण्याची पद्धतही 1836 पासून होतीच. उघडी पडलेली नस गेल्यातच जमा, असा समज विसाव्या शतकात शिरताना पक्का झाला होता.

त्याला पहिला धक्का दिला चुन्याने. 1920 च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हेरमान याने कॅल्शियम हायड्रॉक्साइड दातात वापरलं. पानाच्या डबीतला विरलेला चुना रसायनशास्त्राच्या हिशेबाने हाच. तो इतका दाहक, की ज्या नसेला टेकतो तिचा वरचा थर जाळतो. पण त्या जळलेल्या थराखाली पेशी जाग्या होतात आणि डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण पदार्थाचा, नवा पापुद्रा तयार करतात. दात स्वतःच स्वतःला लिंपून घेतो. पुढची कित्येक दशकं हाच चुना दंतवैद्यांचा आधार होता. दोष एवढाच, की तो हळूहळू विरघळतो आणि त्याखालच्या पापुद्र्यात पुष्कळदा बारीक भोकं राहतात.

मग हे बरं करणारं कोण, चुना की दात? याचा निकाल 1965 मध्ये अमेरिकेत उंदरांनी लावला. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढा नसेपर्यंत कोरल्या आणि तशाच उघड्या सोडल्या. औषध नाही, झाकण नाही. भोकात खाणं अडकत होतं. साध्या उंदरांच्या नसा काही दिवसांतच सडल्या. जंतुमुक्त पेटीत वाढवलेल्या उंदरांच्या नसांनी मात्र, भोकात घाण अडकलेली असूनही, महिन्याभरात स्वतःवर डेंटिनचं छत घातलं. शत्रू जखम नव्हती, जंतू होते. माझ्या मते या कुळकथेतला सगळ्यात मोठा शोध हाच, आणि तो कुठल्याही पदार्थाचा नव्हे.

तेव्हापासून खरा प्रश्न जंतू आत झिरपू न देण्याचा, म्हणजे गळती थांबवण्याचा झाला. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांना दाताच्या मुळाला चुकून पडलेली भोकं बुजवायची होती. लाळ-रक्ताच्या ओलीत घट्ट होईल असा पदार्थ हवा, तर पोर्टलंड सिमेंटपेक्षा सोयीचं काय? 1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पेटंट घेतलेलं तेच सिमेंट शुद्ध करून, एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळून 1993 मध्ये एमटीए नावाचं दातांचं सिमेंट पुढे आलं, आणि मग ते उघड्या नसेवरही बसू लागलं. गंमत अशी, की सिमेंट पाण्याने घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइडच बाहेर टाकतं. चुना परत आला, या वेळी न विरघळणाऱ्या भिंतीसकट.

एमटीए घट्ट व्हायला पावणेतीन तास लागत आणि बिस्मथमुळे दात काळवंडत. नंतर आलेल्या बायोडेंटिनमध्ये बिस्मथच्या जागी झिर्कोनियम आहे आणि ते साधारण बारा मिनिटांत आवळतं. पेशंट हल्ली या मालाचं नाव विचारतात, भावही करतात. विचारायचंच तर आधी रबर डॅम लावणार का ते विचारावं. लाळेतले जंतू दातापासून दूर ठेवणारा तो रबरी पडदा न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमने 1864 मध्येच वापरात आणला होता, आणि आजही पुष्कळ दवाखान्यांत तो खोक्यातच पडून असतो.