राइट बंधूंचं सायकलचं दुकान

शाळेत आपल्याला एका वाक्यात सांगतात, सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी विमान बनवलं. ऐकताना वाटतं, सायकल पोटासाठी आणि विमान हौसेसाठी. (दिवसा क्लायंटचं काम, वीकेंडला 'स्वतःचं काहीतरी', तसं.) पण दुकान पाहिल्यावर हे दोन कप्पे वेगळे ठेवणं मला तरी जमलं नाही.

दुकान अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन शहरात. साउथ विल्यम्स स्ट्रीटवर २२ नंबरची विटांची साधी दुमजली इमारत. १८९५ ते १८९७ विल्बर आणि ऑर्व्हिल इथे होते. सायकलींचं दुकान आणि सोबत छापखाना. धंदा १८९२ साली सुरू झाला तो विक्री, दुरुस्ती आणि भाड्याने सायकली देण्याचा. १८९६ मध्ये याच इमारतीत त्यांनी स्वतःची सायकल बनवायला घेतली, 'व्हॅन क्लीव्ह'.

विमान मात्र पुढच्या दुकानात बनलं, वेस्ट थर्ड स्ट्रीटवर. ते बघायला डेटनला जाऊन उपयोग नाही. हेन्री फोर्डने १९३७ मध्ये अख्खं दुकान उचलून मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला आपल्या संग्रहालयात नेलं. श्रीमंतांचे छंद! असो.

आता सायकलचा विचार करा. सोडून दिली की पडते. तोल चालवणाऱ्याने सांभाळायचा, आणि वळताना कलायचं. त्या काळी बरेच जण आपोआप स्थिर राहणाऱ्या विमानाच्या मागे होते. हे दोघे तर अस्थिर यंत्रच विकत होते! त्यामुळे विमान वळताना कललं पाहिजे आणि तो ताबा चालवणाऱ्याकडे पाहिजे, हे त्यांना विचित्र वाटलं नाही. १८९९ मध्ये दुकानात बोलता बोलता विल्बरने सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळलं, आणि पंख पिळून विमान कलवायची कल्पना तिथे सुचली.

१९०१ चं ग्लायडर हिशोबाइतकं वजन उचलेना. ज्या तक्त्यांवरून हिशोब केला तेच संशयास्पद. मग सायकलच्या हँडलवर एक चाक आडवं बसवलं, त्याला एक सपाट पट्टी आणि एक बाकदार पट्टी लावली आणि डेटनच्या रस्त्यांवर सायकल दामटली. एवढ्याने भागेना म्हणून दुकानात सहा फुटी वाऱ्याचा बोगदा बांधला. आतले काटे करवतीच्या पात्यांचे आणि सायकलच्या स्पोकचे. त्यात सुमारे २०० आकारांचे छोटे पंख तपासले. आपल्या टेस्टिंग टीमने बघावं असं काम.

दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने सहा आठवड्यांत इंजिन बनवलं. प्रोपेलर फिरवायला चेन आणि स्प्रॉकेट, आणखी काय? दोन्ही प्रोपेलर उलट दिशांना फिरावेत म्हणून एक चेन आठच्या आकड्यासारखी घातली. १९०३ च्या नोव्हेंबरात किटी हॉकला स्प्रॉकेट सारखी ढिली व्हायला लागली. तेव्हा उपयोगी पडलं ते टायर रिमला चिकटवायचं सिमेंट, आपल्या पंक्चरवाल्याच्या सोल्यूशनचा थोरला भाऊ. स्प्रॉकेट पुन्हा हलली नाहीत. १७ डिसेंबरला ऑर्व्हिल १२ सेकंदांत १२० फूट गेला आणि त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट.