फायबरग्लास होडीतील जलशोषण

फायबरग्लास होडीतील जलशोषण म्हणजे काचतंतू व पॉलिएस्टर राळ यांपासून बनविलेल्या होडीच्या कवचात किंवा आतील लाकडात कालांतराने पाणी मुरून होणारी हानी होय. फायबरग्लास कुजत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे.

कारणे

होडीच्या बाहेरील गुळगुळीत थरास जेलकोट म्हणतात. त्यातून विसरणाने आत शिरलेले पाणी राळेतील विद्राव्य अंश विरघळविते. या द्रावणाकडे परासरणाने आणखी पाणी ओढले जाते, दाब वाढतो व तळावर फोड येतात. फोड उघडल्यास व्हिनेगरसारख्या वासाचा चिकट द्रव निघतो. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हा परासरण-दाब अधिक असतो आणि उष्णतेने विसरण वेगावते. तापीवरील हतनूर जलाशयासारख्या ठिकाणी वर्षभर पाण्यातच ठेवलेल्या होडीस या दोन्ही गोष्टी बाधक ठरतात.

फोडांपेक्षा लाकडाची हानी अधिक घातक असते. जुन्या होड्यांच्या मागील फळीत व तळात बहुधा प्लायवूड असते. यंत्राच्या बोल्टांच्या छिद्रांतून पाणी आत जाते. बाहेरून फळी धडधाकट दिसते, पण आतून भुसा झालेला असतो. अशा फळीवरील यंत्र भर पाण्यात निखळू शकते. तरंगण्यासाठी भरलेला फोमही पाणी पितो; होडी जड होऊन नेहमीच्याच उतारूंनिशी पाण्यात अधिक बुडते. नंदुरबार जिल्ह्यात (१९९८ पूर्वी धुळे जिल्ह्याचा भाग) सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या काही पाड्यांना दवाखानाही होडीनेच गाठावा लागतो. तेथे ही बाब जिवावरची आहे.

तपासणी व दुरुस्ती

लहान हातोडीने ठोकल्यास निकोप जागी टणक, तर ओल्या वा सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. शंका आल्यास बारीक छिद्र पाडून निघणारा भुसा पाहावा. काळपट ओला भुसा ही कुजल्याची खूण होय.

दुरुस्तीत खरे काम वाळविण्याचे असते. फोड घासून उघडतात व गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुतात, कारण आतील द्रव नुसत्या उन्हाने उडून जात नाही. त्यानंतर होडी कित्येक आठवडे वाळवावी लागते. जलाशय ओसरलेला असताना खानदेशातील मार्च ते मे हा कोरडा काळ यास उत्तम. पृष्ठभागावर पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावे. आत दव साचल्यास ओल शिल्लक आहे. पूर्ण वाळल्यावर खड्डे इपॉक्सीने भरून वर इपॉक्सीचे अनेक थर देतात. ओल्या कवचावरच लेप चढविणे ही सर्रास होणारी चूक असून त्याने पाणी आतच कोंडते. कुजलेले प्लायवूड मात्र वाळवून उपयोग नसतो. ते कापून नवे बसवावे लागते. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने मुखपट्टी व चष्मा आवश्यक आहे.