उचलबांगडीपासून प्रवेशोत्सवापर्यंत

जून महिना अर्धा सरला, पहिल्या पावसानें माती भिजली, कीं जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील प्राथमिक शाळांचीं दारें उघडतात. अलीकडे या दिवसास प्रवेशोत्सव असें नांव मिळालें आहे. दारावर आंब्याच्या पानांचें तोरण, पटांगणांत रांगोळी, पहिलींत दाखल होणाऱ्या मुलांस फूल, खाऊ आणि सरकारकडून आलेलीं कोरीं पुस्तकें, असा त्याचा थाट असतो. कोठें सजविलेल्या बैलगाडींतून मुलांची मिरवणूक निघते व पुढें लेझीम चालतें. कोठें कुंकवाच्या पाण्यांत मुलाचें पाऊल बुडवून त्याचा ठसा कागदावर घेतात व तो कागद आईच्या हातीं देतात. हा प्रकार पाहून वृद्ध मंडळींस हंसूं येतें. त्यांच्या वेळीं मुलांस शाळेंत मिरवीत नेत नसत, ओढीत नेत असत, असें तीं सांगतात. आणि तें खोटें नाहीं.

हा सोहळा म्हणजे निव्वळ दिखाऊपणा होय, असें म्हणणारेही आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. शाळेच्या दारांत मुलाचें स्वागत कोण करतो, आणि कोणाचें करीत नाहीं, या साध्या गोष्टींत एका प्रदेशाचा बराचसा इतिहास सांठविलेला असतो. तो इतिहास या दोन तालुक्यांच्या आधारानें थोडक्यांत पाहावा असें आम्हीं योजिलें आहे.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांच्या वेळचा मोठा शिलालेख असून राणी नागनिकेच्या नांवाशीं तो निगडित आहे. १८२८ सालीं साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें तो विद्वानांच्या नजरेस आणला व पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यावर परिश्रम केले. लेखाचा विषय यज्ञ व दक्षिणा हा होय. इतक्या गाई दिल्या, इतके घोडे दिले, इतके कार्षापण दिले, अशी ती यादी आहे. परंतु गणिताच्या इतिहासकारांस हा लेख प्रिय आहे तो निराळ्याच कारणानें. दानाच्या संख्या येथें अंकांनीं खोदल्या आहेत, आणि भारतांतील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. शून्य त्यांत नाहीं, स्थानावरून किंमत ठरविण्याची युक्तिही नाहीं. शंभरास एक चिन्ह, हजारास दुसरें. तरीही त्यांतील कांहीं आंकड्यांत आजच्या आंकड्यांचे पूर्वज दिसतात. जुन्नरचें पहिलींतलें मूल आपल्या पाटीवर आंकडे गिरवूं लागतें, तेव्हां त्या आंकड्यांचें कुळ त्याच्याच तालुक्यांतील कातळावर सुमारें दोन हजार वर्षें नांदत आलेलें असतें. आम्ही शिक्षक असतों तर वर्षाची पहिली सहल तेथेंच नेली असती. जूनचा पाऊस मात्र सोसावा लागला असता.

याच तालुक्यांत आळें येथें एका रेड्याची समाधि आहे. ज्ञानदेवांनीं ज्याच्या मुखांतून वेद वदविले असें सांगतात, तोच हा रेडा. कथेचा चमत्काराचा भाग ज्याचा त्यानें ठरवावा. आम्हांस त्या कथेंतील वाद मोठा वाटतो. वेद उच्चारण्याचा अधिकार कोणाला, असा तो वाद होता. आणि शाळेच्या दारापाशीं शतकानुशतकें जो वाद चालला तोही थोड्याफार फरकानें हाच होय.

पेशवाईंत, आणि तीनंतरही बराच काळ, गांवोगांवीं पंतोजींच्या शाळा असत. पंतोजीची ओसरी, एखादें देऊळ किंवा धर्मशाळा हीच शाळेची जागा. मूल पांच वर्षांचें झालें कीं मुहूर्त पाहून त्याचा अक्षरारंभ करीत. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढायचें; ‘धुळाक्षरें गिरविणें’ हा प्रयोग त्यावरूनच आला. ‘ॐ नमः सिद्धम्’ या आरंभीच्या मंगलवचनाचा अपभ्रंश होऊन ‘ओनामा’ हा शब्द भाषेंत रूढ झाला. पुढें पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचा सामूहिक घोष आणि मोडी वाचन-लेखन, एवढ्यावर बहुतेकांचें शिक्षण संपे. व्यवहाराला तें पुरे होई. तोंडचा हिशेब करण्याची जी हातोटी त्या शिक्षणानें दिली, तिचें कौतुक आजही केल्यावांचून राहवत नाहीं.

या शाळेंतही पहिल्या दिवसाचा सोहळा असे, ही गोष्ट आपण विसरतों. मात्र तो उलट्या दिशेनें चाले. घरचा कर्ता पुरुष मुलाला घेऊन पंतोजीकडे जाई, त्याच्यापुढें नारळ, शिधा व यथाशक्ति दक्षिणा ठेवी आणि जमलेल्या मुलांस खाऊ वाटी. घरानें शाळेला द्यावें, अशी ती रीत होती. आज शाळा मुलाला देते. एवढ्या एका बदलास दोनशें वर्षें लागलीं.

मुहूर्ताचा गोडवा फार दिवस टिकत नसे. पंतोजीच्या छडीला भिऊन मूल माळ्यावर किंवा गोठ्यांत दडून बसलें, म्हणजे पंतोजी चार दांडगीं मुलें त्याच्या घरीं धाडी. तीं त्याचे हातपाय धरून, उचलून, रडत-ओरडत त्याला शाळेंत आणीत. हीच उचलबांगडी. हा शब्द आतां आपण बदली झालेल्या कामगाराविषयीं किंवा पदावरून दूर केलेल्या पुढाऱ्याविषयीं वापरतों. परंतु त्याच्या पोटांत एका लहान मुलाचें रडें आहे.

तरीही ज्याची उचलबांगडी होई तें मूल एका अर्थानें भाग्यवान म्हटलें पाहिजे. त्याला शाळेंत न्यावें असें निदान कोणाला तरी वाटत होतें. मुली, अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें आणि डोंगरांतील महादेव कोळी व ठाकर यांचीं मुलें यांना आणावयास कोणी जात नसे. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत जी पाहणी झाली तींत सुमारें सतराशें शाळा व पस्तीस हजार विद्यार्थी मोजले गेले, आणि इलाख्याची लोकसंख्या त्या वेळीं पंचेचाळीस लाखांहून अधिक धरलेली होती. शाळा पुष्कळ होत्या असें या आंकड्यांवरून कांहीं जण सिद्ध करतात, त्या फार थोड्या होत्या असें दुसरे सिद्ध करतात. आम्हांस दिसतें तें इतकेंच कीं, शाळेचें दार बहुतेकांच्या घरावरून जाणाऱ्या वाटेवर नव्हतें.

एल्फिन्स्टन गव्हर्नर असतां, १८१९ ते १८२७ या काळांत, सरकारी खर्चानें मराठी शाळा काढण्यास व पुस्तकें छापण्यास आरंभ झाला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्यें शिक्षणखातें निघालें. खेड्यांच्या दृष्टीनें खरा फरक पडला तो लोकल फंडानें. १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागें एक आणा जादा घेऊन त्यांतील तिसरा हिस्सा शाळांकडे द्यावा, अशी व्यवस्था झाली. म्हणजे शाळेचा खर्च आतां प्रत्येक कुणब्याच्या साऱ्यांतून निघूं लागला. त्याचा मुलगा शाळेंत जावो अथवा न जावो.

हीच विसंगति जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडली. पैसा शेतकऱ्याच्या श्रमाचा, आणि त्याचें फळ मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाला, असा त्यांचा आक्षेप होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी त्यांनीं केली, आणि खेड्यांतील शिक्षक शक्यतों शेतकरीवर्गांतील, नांगर धरण्यास न लाजणारा असावा, असेंही सुचविलें. हे विचार पुण्यांतच राहिले नाहींत. जुन्नर तालुक्यांतील ओतूर व आसपासचीं गांवें त्याच दशकांत सत्यशोधक चळवळीचें मोठें केंद्र झालीं. तेथील शेतकऱ्यांनीं ब्राह्मण पुरोहितावांचून विवाह लावले, जोशांनीं आपल्या हक्कासाठीं दावे केले, आणि प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलें. कुणी म्हणेल, लग्नाच्या दक्षिणेच्या वादाचा शाळेशीं संबंध काय? संबंध असा कीं, आपल्या घरचें मंगलकार्य आपण करूं शकतों असें ज्याला वाटूं लागलें, त्यालाच आपल्या मुलानें पोथी वाचावी असेंही वाटूं लागतें. ओतुराकडे पुढें शिक्षणाची जी आवड वाढली तिचें मूळ आम्ही त्या खटल्यांत पाहतों. हें आमचें अनुमान होय, तें कोणावर लादण्याची इच्छा नाहीं.

सक्तीच्या शिक्षणाची पुढील कथा वाचकांस ठाऊक असल्यामुळें ती आम्ही धांवत्या पावलांनीं ओलांडतों. सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ मध्यें अमरेलींत प्रयोग केला व १९०६ मध्यें तो सर्व बडोदें संस्थानांत लागू केला. गोखल्यांचें १९११ चें विधेयक नापास झालें. शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें कोल्हापुरांत सक्तीचें व मोफत शिक्षण सुरू केलें. विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें १९१८ मध्यें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांपुरता कायदा झाला. १९२३ व १९४७ चे कायदे त्यानंतरचे. १९६२ मध्यें जिल्हा परिषदा आल्या व खेड्यांतील शाळा त्यांच्याकडे गेल्या. अखेर १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण हा त्याचा हक्क म्हणून मिळाला. या सर्व कायद्यांत एक बदल हळूहळू घडत गेला. आरंभींच्या कायद्यांत मुलाला शाळेंत न घालणाऱ्या बापाला दंड होता. शेवटच्या कायद्यांत मुलाला शाळेंत आणण्याची जबाबदारी सरकारवर आहे. प्रवेशोत्सवाची बैलगाडी या दुसऱ्या कल्पनेंतून निघाली. उचलबांगडी करणारीं मुलें आणि लेझीम खेळणारीं मुलें एकाच कामासाठीं घरोघर गेलीं, असें म्हणतां येईल.

परंतु बैलगाडीला रस्ता लागतो. आणि येथें या दोन तालुक्यांचे दोन भाग पडतात. पूर्वेकडे नारायणगांव, आळें, मंचर हा कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर फुललेला बागाइती मुलूख. तेथें इंग्रजी शाळांच्या पिंवळ्या मोटारी गल्लींगल्लींतून मुलें उचलतात, आणि मराठी शाळेचा शिक्षक प्रवेशोत्सवाच्या आधीं महिनाभर घरोघर जाऊन आई-बापांची समजूत घालीत असतो. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशींतील भाताचीं खाचरें, हिरड्याचीं झाडें, आहुपें, भीमाशंकर यांचा धुंवाधार पाऊस. ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्याचें नांव पडलें तें गांवच आज घोड नदीवरील डिंभें धरणाच्या पाण्याखालीं आहे. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे जुन्या गांवाचे अवशेष उघडे पडतात, आणि शाळा उघडण्याच्या सुमारास पाऊस लागला कीं हळूहळू पुन्हा बुडूं लागतात.

त्याच खोऱ्यांत माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं, शाळा भरण्यापूर्वीं, डोंगराचा कडा गांवावर कोसळला. दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. घरें गाडलीं गेलीं. शाळेची इमारत मात्र उभी राहिली. मुलें शाळेंत असतीं तर, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं, आणि तो मनांतून काढूनही टाकावासा वाटतो. नवें गांव आमडें येथें वसविण्यांत आलें व एप्रिल २०१७ मध्यें घरें लोकांच्या स्वाधीन झालीं. नव्या वस्तींत शाळाही बांधली. पुढील जूनमध्यें जीं मुलें त्या दारांत उभीं राहिलीं असतील त्यांच्या स्वागताला खाऊपेक्षां कांहीं निराळें हवें होतें, आणि तें देणें कोणत्याही परिपत्रकाच्या हातचें नव्हतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य सरकारनें दहांहून कमी पट असलेल्या तेराशेंवर शाळा बंद करून मुलें जवळच्या शाळेंत पाठविण्याचा निर्णय जाहीर केला. कमी पटाच्या शाळेंत मुलांना सोबत मिळत नाहीं व शिक्षण खुरटतें, या म्हणण्यांत तथ्य आहे. आम्ही तें नाकारीत नाहीं. परंतु पुण्याच्या नकाशावर जें अंतर दोन बोटांचें दिसतें, तें आषाढांत ओढ्याला पाणी आलें म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला ओलांडतां येत नाहीं. पहिलीच्या वर्गापासून एक किलोमीटरच्या आंत शाळा असावी असा नियम आहे. किलोमीटर मोजतांना तो उन्हाळ्यांत मोजला कीं पावसांत, हें मात्र नियमांत नाहीं.

आणखी एक अडचण आहे, व तिचा बोभाटा फारसा होत नाहीं. दिवाळीनंतर भात निघाला कीं पश्चिमेकडील अनेक कुटुंबें मजुरीसाठीं पूर्वेच्या बागाइतींत उतरतात. मुलें बरोबर जातात. त्यांचें वर्ष बुडूं नये म्हणून शिक्षण हमी कार्डाची योजना आहे: जुन्या शाळेनें तें द्यावें, नव्या शाळेनें तें पाहून मुलाला वर्गांत बसवून घ्यावें. योजना चांगली आहे. आमची सूचना इतकीच कीं, नारायणगांवाकडील शाळांनीं एक प्रवेशोत्सव कार्तिकांतही करावा. डोंगरावरून उतरलेलें मूल तें कार्ड हातांत घेऊन अनोळखी शाळेच्या दारांत येऊन उभें राहतें, तेव्हां जूनमधलें तोरण केव्हांच वाळून गळून पडलेलें असतें.