मुदतीआधीची फेड

कर्ज, आग आणि वैर यांचा शेष ठेवू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आग विझविणे आपल्या हाती असते. वैर मिटविणेही थोडेफार आपल्या हाती असते. कर्जाचे मात्र तसे नाही. ऋणकोने शेष ठेवायचा नाही असे कितीही ठरविले, तरी धनकोने तो मिटवू दिला पाहिजे! पैसे देणारा दारात उभा आहे आणि घेणारा म्हणतो आहे, ‘एवढी घाई काय? मुदत आहे अजून!’ ही गोष्ट एखाद्या प्रहसनात शोभावी अशी. पण ती खरी आहे आणि दोन हजार वर्षांची जुनी आहे.

मला तिचा अनुभव २०११ साली आला. घरासाठी कर्ज काढून मला वर्ष झाले होते. वेतनातील फरकाचे पन्नास हजार रुपये एकदम हाती आले, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, नवे फर्निचर राहू द्या. हे पैसे घराच्या कर्जात भरून टाका.” मी मोठ्या उत्साहाने गेलो. तेथल्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी पैसे भरायला नव्हे, उसने मागायला आलो आहे. “गुरुजी, मुदतीआधी भरलेत तर वर दोन टक्के दंड पडेल,” ते म्हणाले. कर्ज थकविणाऱ्याला दंड असतो हे मला ठाऊक होते. फेडणाऱ्यालाही असतो, हे त्या दिवशी कळले. मुलांना इतिहास व गणित शिकविणारा मी माणूस. दोन्ही विषय एकदम अंगावर आले. तेव्हापासून या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा छंद लागला.

प्रथम आपल्या जुन्या शास्त्रकारांकडे वळलो. व्याजाचा दर किती असावा हे कौटिल्याने सांगितले आहे: शंभर पणांना दरमहा सव्वा पण हा धर्माला धरून असलेला दर. पण मला नवल वाटले ते त्याच प्रकरणातील एका छोट्या नियमाचे. कोणी ऋण फेडू लागला असता जो धनको ते घेत नाही, त्याला बारा पण दंड करावा, असे अर्थशास्त्र सांगते. मी भरायला गेलो तर दंड मला. कौटिल्याच्या राज्यात तो समोरच्या गृहस्थांना झाला असता! याज्ञवल्क्यस्मृतीत याच्याच जोडीचा नियम आहे. धनको पैसे घेत नसेल, तर ऋणकोने ते मध्यस्थाकडे ठेवावे. त्या दिवसापासून व्याज थांबते. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही सर्वांत प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत बसून लिहिली. ती कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या शिवेला लागून असलेले. शिवाय दामदुपटीचा नियम होताच: व्याज साचून साचून मुद्दलाइतके झाले की पुढे वाढावयाचे नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालये इंग्रजी अमदानीतही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानीत असत.

असे नियम करावे लागले, याचा अर्थच असा की पैसे परत न घेण्यात धनकोचा लाभ होता. मुद्दल परत आले की त्याला नवे गिऱ्हाईक शोधावे लागते; मुद्दल अडकून राहिले की ते दर महिन्याला दूध देणारी गाय होते. मुद्दल न हलविता केवळ व्याजावर जगण्याचे एक सुंदर उदाहरण नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, उरलेल्या एक हजारावर शेकडा पाऊण. दोन हजारांचे वर्षाचे व्याज झाले दोनशे चाळीस; त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. हे मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे, असे शिलालेखात स्पष्ट म्हटले आहे. हे दान होते आणि विणकरांनी ते राजीखुशीने घेतले होते. पण गरजू माणसाच्या घरावर असेच न हलणारे मुद्दल बसले, तर त्याची काय दशा होईल, याचा विचार करावा.

गरजू माणूस तर राहोच, एका राज्यकर्त्याची अशी दशा आमच्याच मुलखात झाली. निजामाच्या राज्यात इंग्रजांच्या हुकुमतीखाली हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज असे. तिच्या पलटणी आमच्या औरंगाबादच्या छावणीतही होत्या. १८५७ च्या जून महिन्यात येथल्या घोडदळाने बंडही केले होते. या फौजेचा पगार निजामाने द्यावयाचा, तो थकला म्हणजे कंपनीने भरावयाचा आणि निजामाच्या नावे कर्ज लिहावयाचे, असा क्रम चालला. अखेर १८५३ साली तह होऊन वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा प्रांत कंपनीच्या ताब्यात गेला. आपल्या खेड्यांतील भाषेत सांगावयाचे तर हे ताबेगहाण. जमीन धनकोने कसावी, उत्पन्नातून आपले येणे भागवावे, आणि वर काही उरले तर मालकाला द्यावे. पण कसणारा तोच, खर्च लिहिणारा तोच, आणि शिल्लक काढणाराही तोच!

१८६० साली नवा तह झाला. सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव व रायचूर परत आले. त्या बदल्यात मागच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडावा, असे ठरले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. कर्ज माफ झाले तरी फौजेचा खर्च चालू होता ना! निजामाचा दिवाण सालारजंग हा हिशेबाचा पक्का माणूस. एवढे भांडवल एकदम ठेवतो, त्याच्या व्याजातून फौजेचा पगार कायमचा भागवा आणि आमचे वऱ्हाड मोकळे करा, असा प्रस्ताव त्याने मांडून पाहिला. ही मुदतीआधीची फेडच होती. पण धनकोला पैसे नको होते, गहाण हवे होते. पुढे सालारजंग १८७६ साली विलायतेलाही जाऊन आला. उपयोग झाला नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या वेळी वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. दिवाण दारात पैसे घेऊन उभा राहिला, तरी गहाण सुटले नाही. कौटिल्याचे बारा पण तेथे कोण वसूल करणार?

जे निजामाला जमले नाही, ते पुणे जिल्ह्यातील कुणब्याला कोठून जमावे? १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांचा मुख्य रोख धान्यावर किंवा दागिन्यांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि गहाणखते त्यांनी जाळली. फेडलेल्या पैशांची पावती मिळत नाही, वहीत काय लिहिले ते वाचता येत नाही, तेव्हा माणूस वहीच जाळावयास निघतो. या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यामागे खरे मुद्दल किती होते हे न्यायालयाने मुळापासून तपासावे, असे त्यात ठरले. शेतकऱ्याला भरणा केल्याची पावती, दरसाल हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्कही मिळाला. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. गोदावरीच्या अलीकडे, आमच्या निजामी मुलखात, तो लागू नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण सोडविण्याचा हक्क सर्व ऋणकोंना दिला आणि याज्ञवल्क्याच्या मध्यस्थाच्या जागी न्यायालय बसविले. धनको घेत नसेल तर पैसे कोर्टात भरा, व्याज थांबेल! पण त्यात एक मेख होती. हा हक्क मुदत भरल्यानंतरचा. मुदतीआधी फेडावयाचे तर करारात तशी सवलत असावी लागे.

ही मेख विसाव्या शतकात मध्यमवर्गाच्या वाट्याला आली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि त्याच दशकात तिने आमच्या शहराची नवी वसाहत उभारावयास घेतली. घरबांधणीला कर्जे देणारी हडको हीही १९७० चीच. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव येथे वस्तीलाच पडले आणि लोक अजूनही ‘आम्ही हडकोत राहतो’ असे सहज सांगतात. माझ्या वडिलांनी सिडकोतील छोटे घर हप्त्यांनी घेतले. शेवटचा हप्ता भरल्याशिवाय दादांनी भिंतीत नवा खिळासुद्धा ठोकू दिला नाही. “अजून आपलं नाही,” ते म्हणत. त्यांना आधी फेडता येईल हे कधी सुचलेच नाही. हप्ता म्हणजे हप्ता, पाऊस यावा तसा तो यावयाचाच.

१९७७ साली मुंबईत हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली आणि पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळण्याची वाट रुळली. पण अनेक संस्थांत व्याज वार्षिक शिलकीवर धरले जाई. एप्रिलमध्ये भरलेला हप्ता मुद्दलातून वजा व्हावयाचा तो पुढच्या मार्चअखेरीस. मधले अकरा महिने फेडलेल्या पैशावरही व्याज! आणि आधी फेडावयास जावे तर वर दंड. ही दंडाची प्रथा अखेर मोडली. राष्ट्रीय आवास बँकेने २०११ साली गृहकर्ज संस्थांसाठी आणि रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजी बँकांसाठी आदेश काढला, की बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये. सुपे गावच्या ज्वाळांना तेव्हा १३७ वर्षे झाली होती. ती बातमी वाचून आमच्या घरी सौ.ने शिरा केला.

हा हक्क किती मोलाचा, ते आता गणिताने पाहू. वीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातील १४,१६७ रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटते अवघे ३,१८९. हप्त्यात मुद्दलाचा भाग निम्म्याहून अधिक होण्यास जवळजवळ बारा वर्षे लागतात. दहा वर्षांत आपण एकवीस लाखांच्या जवळ रक्कम भरतो, तरी चौदा लाख देणे शिल्लकच! अनेक घरांतील माणसे हा आकडा ऐकून हिशेब चुकला असे समजतात. हिशेब चुकलेला नसतो. व्याजाची रीतच ती आहे.

आता त्याच हप्त्यावर दरमहा दोन हजार जास्त भरा. व्याज आधीच वसूल झालेले असते, म्हणून हे दोन हजार सगळेच्या सगळे मुद्दलावर पडतात. कर्ज वीस वर्षांऐवजी साधारण पंधरा वर्षे सात महिन्यांत फिटते आणि सुमारे साडेपाच लाखांचे व्याज वाचते. आणि यात वेळेचे महत्त्व मोठे आहे. अगदी सुरुवातीला जादा भरलेला एक हजार रुपया शेवटचे सुमारे ५,४०० रुपये मिटवितो. तोच हजार पंधरा वर्षांनी भरला तर १,५०० च्या आसपास. पेरणी मृगात केली आणि श्रावणात केली, यात जो फरक, तोच हा.

अर्थात घरात दुखणेखुपणे येते, तेवढी शिल्लक गाठीला असू द्यावी. त्याहून महागाचे दुसरे कर्ज असेल तर आधी ते फेडावे. जादा भरणा करताना हप्ता नव्हे, मुदत कमी करा, असे लेखी सांगावे, आणि पावती घ्यावी. १८७९ च्या शेतकऱ्याला जो कागद कायद्याने मिळवून द्यावा लागला, तो आपण मागावयास लाजू नये.

आमच्या घरी सौ.ने एक वही घातली. शिकवणीचे, कादंबरीच्या मानधनाचे, दिवाळीला न घेतलेल्या साडीचे, असे जे जे वाचेल ते तिने कर्जात भरले आणि वहीत लिहिले. कधी पाच हजार, कधी साडेसातशे. गेल्या वर्षी, मुदतीच्या पुष्कळ आधी, कर्ज फिटले. कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत घराची कागदपत्रे परत द्यावीत, नाहीतर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. त्यामुळे फार हेलपाटे पडले नाहीत. धनकोला दंड करणारा नियम पाहून मला कौटिल्याचे बारा पण आठवले.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्या पूजतात. त्या संध्याकाळी आमच्या चौरंगावर घराचे कागद होते आणि त्यावर सौ.ची ती वही, कोपरे दुमडलेली. आरती झाल्यावर मी हातोडी घेतली आणि बैठकीच्या भिंतीत दादांच्या तसबिरीसाठी खिळा ठोकला.