त्वचापटाचा एक पुणेरी दाखला

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर पडलेला खोल शय्याव्रण भोवतीचे कातडे नुसते ताणून शिवल्याने बहुधा टिकाऊपणे बुजत नाही. हाडावर भार सोसेल असे जाड आवरण तेथे आणावे लागते. म्हणून नितंबावरील त्वचा, प्रसंगी खालच्या स्नायूसह, तिच्या रक्तवाहिन्या राखून व्रणावर फिरविली जाते. अशा तुकड्यास ‘फ्लॅप’ म्हणतात. आपण त्यास त्वचापट म्हणू. एका बाजूने मुळाशी जोडलेले कातडे जगते, हे यामागील तत्त्व. ते इंग्लंडात ज्या पत्राने गाजले, ते पुण्याविषयी आहे.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी ते प्रसिद्ध झाले. इंग्रजी फौजेतील बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती लागला व त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. वर्षाहून अधिक काळाने पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या इसमाने त्यास नवे नाक बसविले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बेतून कपाळावर पसरावयाचा, भोवती रेघ ओढून तेवढे कातडे सोडवावयाचे, मात्र दोन डोळ्यांमधील चिंचोळी पट्टी अखंड ठेवावयाची. हीच पट्टी रक्ताभिसरण राखते, असे पत्रात स्पष्ट म्हटले आहे. मग कातडे पीळ देऊन खाली बसवावयाचे. पट्टी सुमारे २५ व्या दिवशी तोडावयाची.

सांध्यावर ‘टेरा जपोनिका’ लावीत, असे पत्र सांगते. शब्दशः ही जपानची माती. वस्तुतः हा आपला खैराचा काथ, मातीही नव्हे आणि जपानचाही नव्हे! रुग्णाच्या नावाचीही गत अशीच. पत्र त्यास मराठा शेतकरी म्हणते, पण कावसजी हे नाव पारशी वळणाचे. एखादे मराठी नाव परक्या कानाने असे ऐकले असावे, असा माझा तर्क आहे. शस्त्र चालविणाऱ्याचे नाव तर पत्रात नाहीच.

हे पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिचा वृत्तांत छापला. या परंपरेस सुश्रुतापासून अखंड मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती मला घाईची वाटते. सुश्रुतसंहितेत माप झाडाच्या पानाचे आहे आणि कातडे ‘गंडपार्श्वा’तून, म्हणजे गालाच्या बाजूकडून, घ्यावयाचे आहे, कपाळाचा तेथे उल्लेख नाही. गालावरून कपाळावर ही विद्या केव्हा व कोणाच्या हातून गेली, याचा शोध ग्रंथांपेक्षा कारागीर जातींच्या बोलींत घ्यावयास हवा.